भूकंपाचे फोटो आणि कात्रणं: आधी जागा, मग तारीख, पडझड सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मामांचा उमरग्याला फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या पेटीत ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर काढलेल्या दीडेकशे निगेटिव्ह, काही प्रिंट आणि पिशवीभर कात्रणं सापडली. त्यावरून आईच्या माहेरच्या जुन्या गावात कुठल्या घराचं किती नुकसान झालं ते नकाशावर मांडायचं आहे. त्यासाठी स्कॅनर कोणता घ्यावा आणि अ‍ॅप कोणतं वापरावं, असं तुम्ही विचारलंय.

स्कॅनरचं सांगतोच, पण खरी अडचण तिथे नाही. ढिगाऱ्याचा फोटो कितीही स्वच्छ स्कॅन केला तरी तो कुणाच्या घराचा आणि कुठल्या दिवसाचा हे त्यात लिहिलेलं नसतं. दगड-मातीची पडलेली दोन घरं एकसारखीच दिसतात. हे सांगू शकणारी माणसं आज साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. निगेटिव्ह नीट ठेवल्या तर आणखी दहा वर्षं थांबतील, माणसांचा भरवसा नाही. म्हणून कामचलाऊ स्कॅन आठवड्याभरात उरकून गावाला जा. उत्तम स्कॅन मागाहून करता येईल.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. गाव पूर्णपणे दुसरीकडे हललं, की जागेवरच दुरुस्त झालं, यावर निम्मी पद्धत ठरते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं पूर्ण उठून नव्या जागी वसली. तुमचं गाव त्यातलं असेल तर जुनं गावठाण अजून तिथेच असेल, बहुधा येडी बाभळ माजलेलं, आणि काही ठिकाणी पायाचे दगड दिसतील. जागेवर दुरुस्त झालेल्या गावात मात्र त्याच पायावर नवं घर असतं आणि जुन्याची खूण शोधावी लागते. पुढचं बरंचसं पहिल्या प्रकाराला धरून लिहितो.

पेटी उघडल्यावर पहिला नियम हा की क्रम मोडू नका. ३५ मिमी फिल्मच्या पट्ट्यांच्या कडेला १२, १२अ, १३ असे क्रमांक असतात. छायाचित्रकार ज्या वाटेने चालला तीच वाट या क्रमांकांत राहते. एका रोलमधल्या चौदाव्या चौकटीत मारुतीचं देऊळ ओळखू आलं आणि अठराव्यात चावडी, तर पंधरा ते सतरा हे बहुतेक त्या दोहोंमधले असतात. पट्ट्या सुट्या करून ‘चांगले-वाईट’ असे गठ्ठे केले की हा धागा कायमचा तुटतो. कडेवर फिल्मचं नाव आणि प्रकारही छापलेला असतो. दोन पट्ट्या एकाच रोलच्या आहेत का, हे त्यावरून आणि कापलेल्या कडा जुळवून कळतं. पाकिटावर लॅबचा शिक्का किंवा तारीख असेल तर पाकिटाचाही फोटो काढा, फेकू नका.

स्कॅनिंग. निगेटिव्हसाठी ३२०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) ठेवा, म्हणजे २४ × ३६ मिमीच्या चौकटीतून साधारण ४५०० × ३००० पिक्सेल मिळतात. घरगुती फ्लॅटबेड स्कॅनरची खरी क्षमता छापील आकड्यापेक्षा कमी असते. ६४०० लावल्याने फाइल फुगते, तपशील वाढत नाही. फिल्म होल्डर असलेला स्कॅनर नसेल तर डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि मागून पांढरा प्रकाश ही जोडणी उत्तम चालते. मोबाइलचा पडदा प्रकाशासाठी वापरणार असाल तर त्यावर दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी चार-पाच सेंटिमीटर उंच धरा, नाहीतर पडद्याचे ठिपके फोटोत उतरतात. प्रिंट ६०० पीपीआयला. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा आणि तिच्यावर रंगदुरुस्ती, धार, सफाई काहीही करू नका. ते सगळं दुसऱ्या प्रतीवर. ‘आपोआप सुधारणा’ करणारी अ‍ॅप इथे घातक आहेत. ती धूळ आणि ओरखडे पुसताना भिंतीतली बारीक तडही पुसतात, आणि आपल्याला नेमकी तीच हवी असते.

चिकट पानांच्या अल्बममधले प्रिंट ओढू नका, पानासकट स्कॅन करा. काढणं भागच असेल तर दात साफ करायचा बारीक धागा मागून सरकवत न्या. नाव-गाव पाकिटावर लिहा, प्रिंटच्या पाठीवर नको. त्या काळचा रंगीत कागद प्लास्टिकचा थर असलेला असतो. त्यावर पेन्सिल उमटत नाही, बॉलपेनचा वळ पुढून दिसतो आणि शाई दुसऱ्या प्रिंटला लागते.

आता जागा. उपग्रहचित्रांची आशा सोडा. १९९३ ची, एकेक घर दिसेल अशी चित्रं सहज मिळत नाहीत. सातबाराही उपयोगी नाही, कारण तो शेतजमिनीचा. गावठाणातल्या घरांसाठी ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना नंबर ८ मागा. तिच्यात घर क्रमांक, मालक आणि बांधकामाचा प्रकार असतो. भूकंपाच्या आधीच्या वर्षांची वही टिकली असेल तर तुमच्या कामाचा तो पाया. गावठाणाचा नकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. प्रत्येक गावठाणाची मोजणी झालेली नसते, त्यामुळे तो असेलच असं नाही. पंचनामे आणि मदतवाटपाच्या याद्या तहसीलमध्ये असायला हव्यात, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. अर्जात जुनी नावं घाला. आजचा धाराशिव जिल्हा त्या कागदांत उस्मानाबाद आहे. तालुक्यांचंही तसंच: सास्तूर गाव आज लोहारा तालुक्यात आहे, पण तेव्हाच्या कागदांत उमरगा तालुक्याखाली शोधावं लागतं.

कागद कमी पडतील तिथे माणसं. गावात गेल्यावर आधी फोटो दाखवू नका. मोठा कोरा कागद पसरा आणि वेस, पार, चावडी, आड, पिठाची गिरणी, देऊळ, मशीद एवढ्या खुणा मांडून गल्ल्या काढून घ्या. दोन-तीन जणांकडून हे वेगवेगळं करून घ्या, एकत्र बसवून नको. एकत्र बसले की मोठ्या आवाजाच्या माणसाचा नकाशा सगळ्यांचा होतो. बायकांना वेगळं विचारा. पाण्याला, गिरणीला, ओवसायला जायच्या वाटा त्यांना पक्क्या ठाऊक असतात आणि कुणाच्या दाराला किती पायऱ्या होत्या तेही त्या सांगतात. नकाशा झाल्यावर मग फोटो. ‘हे पाटलांचंच घर ना?’ असं विचारलंत की होकारच येईल. ‘हे कुठलं असावं? कशावरून?’ असं विचारा आणि उत्तरातलं ‘कशावरून’ शब्दशः लिहून घ्या. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच घर सांगितलं तर ‘निश्चित’, एकानेच सांगितलं तर ‘संभाव्य’, बाकी ‘अनोळखी’. अनोळखी राहिलेले फोटोही यादीत ठेवा.

सगळ्यात मोलाचा पण कुणाच्या ध्यानात न येणारा पुरावा म्हणजे भूकंपाआधीचे लग्नाचे फोटो. वरात गल्लीतून जाते, मागे घरं दिसतात. दारातला मांडव, ओसरीवर बसलेले पाहुणे, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढून बघणारी पोरं. मामांचा स्टुडिओ होता म्हणजे १९९३ च्या आधीच्या लग्नांच्या निगेटिव्हही कुठेतरी असतील. त्या हुडका. दाराच्या चौकटीवरचं कोरीवकाम, कोनाडा, जोत्याच्या दगडांची रचना ढिगाऱ्यातही ओळखू येते. भूकंपापूर्वीचं चित्र जोडीला आलं की ‘संभाव्य’ घर ‘निश्चित’ होतं.

दुसरं पाऊल तारखेचं. भूकंप गुरुवारी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर. त्या दिवशी तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे फ्लॅशशिवाय काढलेला कुठलाही फोटो भूकंपानंतर दोनेक तासांच्या आधीचा नाही. पुढे जोराचा पाऊस झाला आणि बचावकार्य अडलं. ओल्या, चिखल झालेल्या ढिगाऱ्याचे फोटो त्या दिवसांचे असण्याची शक्यता जास्त, पण एवढ्यावरून तारीख ठरवू नका. तोंडाला फडकी बांधलेले जवान आणि सामुदायिक चिता सुरुवातीच्या दिवसांतल्या. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडच्या रांगा त्यानंतरच्या. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने उमटवलेली केशरी तारीख असेल तर जपून वाचा. ‘१० २ ९३’ हे २ ऑक्टोबरही असू शकतं आणि १० फेब्रुवारीही, आणि बॅटरी बदलल्यावर बऱ्याच कॅमेऱ्यांची तारीख मूळपदावर जाते. सावलीचा आधार घेता येतो. ३० सप्टेंबरला त्या भागात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ६९ अंशांवर असतो, म्हणजे तीन मीटरच्या उभ्या खांबाची सावली सव्वा मीटरहून कमी आणि उत्तरेकडे. नोव्हेंबरच्या मध्यावर तीच सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. सावलीवरून महिना नक्की होतोच असं नाही, पण गल्लीची दिशा बऱ्यापैकी कळते आणि ती नकाशाशी ताडून बघता येते.

तारखेतली सगळ्यात मोठी फसगत वेगळीच आहे. किल्लारी परिसरात ऑगस्ट १९९२ पासूनच धक्के बसत होते आणि १८ ऑक्टोबर १९९२ चा त्यातला जोरदार होता. तेव्हाही भिंतींना तडे गेले होते. तुमच्या पेटीत फक्त तडे गेलेल्या, पण उभ्या घरांचे फोटो असतील तर ते १९९३ मध्ये वाचलेल्या घरांचे असतील किंवा वर्षभर आधीचे. रोल, पाकीट आणि कात्रण यांवरून हे वेगळं काढल्याशिवाय एकही ‘किरकोळ नुकसान’ नकाशावर टाकू नका. नाहीतर पुढे जे घर पूर्ण कोसळलं, ते नकाशात थोडक्यात बचावलेलं दिसेल. जमिनीतल्या भेगांचंही तसंच. किल्लारीजवळ भूकंपाने जमीन खरोखर फाटून वर उचलली गेली होती, पण काळी जमीन वाळली की एरवीही भेगाळते. भेगेच्या दोन्ही बाजूंना उंचीत फरक दिसत नसेल तर नुसती ‘भेग’ म्हणा, कारण लिहू नका.

इथे वर्तमानपत्रं कामाला येतात आणि त्यांच्या खोड्या माहीत असाव्या लागतात. पहाटे चारला झालेल्या घटनेची बातमी त्याच सकाळच्या अंकात नसते, कारण अंक तोवर छापून निघालेले असतात. सविस्तर मजकूर १ ऑक्टोबरपासून. ३० तारखेला कुणी जादा अंक काढला होता का, ते ग्रंथालयात मुद्दाम विचारा, कारण असे अंक वार्षिक बांधणीत बऱ्याचदा सुटतात. (दुसऱ्या भूकंपांना हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१ ला सकाळी झाला. त्या दिवशी अनेक वृत्तपत्रांना सुट्टी असते आणि २७ चा नेहमीचा अंक निघत नाही.) १९९२ च्या धक्क्यांसाठी ऑगस्ट १९९२ ते मार्च १९९३ हे महिने वेगळे चाळा.

कुठली पत्रं? मुंबई-पुण्याच्या मोठ्या पत्रांत आकडे आणि मंत्र्यांचे दौरे जास्त सापडतील. गावांची, गल्ल्यांची, माणसांची नावं सापडायची शक्यता औरंगाबाद (आजचं छत्रपती संभाजीनगर), लातूर आणि सोलापूरहून निघणाऱ्या पत्रांत अधिक. सोलापूरच्या ‘संचार’सारखं पत्र तुमच्या भागासाठी जरूर पाहा, कारण उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. त्याच कारणाने हैदराबादची उर्दू आणि गुलबर्ग्याकडची कन्नड पत्रंही पाहावीत. सोलापूरचं हिराचंद नेमचंद वाचनालय, पुण्याचं नगर वाचन मंदिर, दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे बांधीव फाइलींची चौकशी करा. जिल्हा माहिती कार्यालयांत कात्रणं काढायची पद्धत आहे आणि शासकीय छायाचित्रंही तिथे विचारावीत.

तारीख टिपताना अंकाची वेगळी आणि बातमीच्या सुरुवातीची वेगळी लिहा. ‘उमरगा, ता. २ (प्रतिनिधी)’ असेल तर मजकूर २ तारखेचा, अंक बहुधा ३ चा. फोटो त्याहून जुना असू शकतो. रविवारच्या पुरवणीतले फोटो आठवडाभर मागचे असतात. आवृत्ती कुठली, हेही लिहा. डाक आवृत्ती (बाहेरगावी जाणारी) आणि शहर आवृत्ती यांच्या पानांत एकाच तारखेला फरक असतो, आणि दोन वर्षांनी कुणी तुमचा संदर्भ पडताळायला गेलं तर त्याला ते पान सापडणार नाही. पिशवीतल्या कात्रणांवर तारीख नसेल तर पाठीमागचा मजकूर वाचा. सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, क्रिकेटचा निकाल यांवरून दिवस बऱ्याचदा नक्की होतो. म्हणूनच कात्रणाच्या दोन्ही बाजू स्कॅन करायच्या, ४०० पीपीआयला, मागे काळा कागद ठेवून. पांढरा ठेवलात तर पाठीमागची अक्षरं पुढे दिसतात. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी अजिबात नको.

छापील फोटोखालच्या ओळींवर आंधळा विश्वास नको. ‘किल्लारी येथील दृश्य’ असं छापलं म्हणजे फोटो किल्लारीचाच, असं नाही. पहिल्या दिवसांत सगळ्या भागालाच किल्लारी किंवा लातूर म्हटलं जात होतं आणि सास्तूर, होळी, पेठसांगवीच्या बाजूची गावं त्या नावाखाली झाकली गेली. मंगरूळ, तळणी अशी नावं महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहेत, तेव्हा तालुका तपासा. छपाईत फोटो कधीकधी उलटा लागतो. सदऱ्याची बटणपट्टी, पदराचा खांदा, मनगटावरचं घड्याळ आणि असेल तर पाटीवरची अक्षरं पाहून खात्री करा. मामांच्या निगेटिव्हमधलाच फोटो कात्रणात सापडला तर ते घबाड समजा. निगेटिव्ह त्या अंकाच्या तारखेनंतरची नाही हे कळतं आणि कात्रणाला खरी जागा. मात्र स्कॅन करताना चकचकीत बाजू आणि मंद बाजू यांची अदलाबदल झाली, तर तुमचीच निगेटिव्ह उलटी येईल. कडेचे क्रमांक सरळ वाचता आले पाहिजेत, ही त्याची परीक्षा.

आकड्यांचं धोरण सोपं ठेवा. वृत्तपत्रातला आकडा ‘त्या तारखेला असं छापलं’ एवढाच नोंदवा. या भूकंपातल्या मृतांसाठी ७,९२८ आणि ९,७४८ असे दोन्ही आकडे पुढच्या लिखाणात येतात, तीव्रताही कुठे ६.४ तर कुठे ६.२. तुम्ही निवाडा करू नका. तुमच्या गावातली नावं एकेक करून जमवलीत तर मोठं काम होईल. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपातल्या मृतांचा अधिकृत आकडा कित्येक दशकं पाचशेच्या आत होता. ग्लॅडिस हॅन्सन या ग्रंथपाल बाईंनी नोंदी आणि कुटुंबांकडची माहिती जुळवत नेली आणि तो तीन हजारांच्या वर असल्याचं दाखवलं.

इथवर जागा आणि तारीख लागली असेल तरच पडझडीकडे वळा. ‘घर उद्ध्वस्त’ असं लिहू नका, जे दिसतं ते लिहा: ‘पश्चिमेची भिंत बाहेर पडली, आतले लाकडी खांब उभे, माळवद खांबांवर टेकलेलं.’ या घरांच्या भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या होत्या. आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादऱ्याने थर सुटले आणि वर वर्षानुवर्षं थापलेल्या मातीचं ओझं खाली आलं. म्हणून भिंत फुगलेली आहे, एकच थर निसटला आहे की पूर्ण पडली आहे, हा फरक टिपण्यासारखा आहे. खांब-तुळया धडधाकट होत्या तिथे भिंती पडूनही छत टिकलेलं दिसतं. ते आवर्जून नोंदवा. त्यानंतर एक ते पाच अशी श्रेणी द्या: १ म्हणजे केसासारखे तडे, २ म्हणजे बऱ्याच भिंतींना तडे आणि गिलावा पडलेला, ३ म्हणजे मोठे, खोल तडे, ४ म्हणजे भिंती ढासळून छताचा भाग खाली, ५ म्हणजे जवळपास पूर्ण कोसळलेलं. फोटोत एकच बाजू दिसत असेल तर ‘किमान ३’ असं लिहा. ढिगारा उपसलेला दिसत असेल तर तसं नमूद करा, कारण माणसं आणि सामान शोधताना उरलेल्या भिंती पाडाव्या लागल्या. ती पडझड भूकंपाच्या खात्यावर टाकायची नाही.

आणि उभी राहिलेली घरं विसरू नका. फोटो पडलेल्याचा काढला जातो, उभ्याचा नाही. प्रत्येक गल्लीत एकूण घरं किती, फोटो कितींचे आणि साक्ष कितींची, हे तीन आकडे लिहा. नाहीतर नकाशा पाहणाऱ्याला रिकामी जागा म्हणजे नुकसान नाही असं वाटेल. तिथे ‘माहिती नाही’ असा वेगळा रंग द्या.

अ‍ॅपसाठी फार शोधाशोध नको. साधं स्प्रेडशीट आणि नकाशासाठी क्यूजीआयएस, दोन्ही फुकट मिळतात. फाइलचं नाव फक्त आकड्यांत ठेवा, रोल-चौकट-आवृत्ती, जसं ०३-१४-१. तारीख किंवा मालकाचं नाव त्यात घालू नका, कारण ते पुढे बदलतं. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यातली एक दुसऱ्या गावात.

हक्कांचं आधीच मिटवा. भारतात छायाचित्राचा हक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे मामांकडून किंवा त्यांच्या वारसांकडून लेखी परवानगी घ्या. कात्रणं अभ्यासाला वापरा, वृत्तपत्रातले फोटो जसेच्या तसे प्रसिद्ध करायचे तर त्या पत्राला विचारा. मृतदेह किंवा ओळखू येणारे शोकाकुल चेहरे असलेल्या चौकटी वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये ठेवा. गावात दाखवायच्या गठ्ठ्यात त्या येऊ देऊ नका. एखाद्या आजीने स्वतःहून विचारलं की माझ्या घरचा फोटो आहे का, तर त्यात काय आहे ते आधी शब्दांत सांगा, तिच्या घरचं कुणीतरी शेजारी बसू द्या, आणि बघायचं की नाही ते तिला ठरवू द्या.

गावाचं नाव आणि पहिल्या दोन रोलच्या कडेचे क्रमांक कळवा. वाट कुठून कुठे जाते ते आपण त्यावरून लावून बघू.